चौदावा दिवस



मराठीत बाई गरोदर राहिली की ‘तिला दिवस गेले’ असे म्हणतात. गर्भ राहण्याला ‘दिवस राहणे’ म्हणतात, पाळी आली नाही तर ‘पाळी चुकली’ म्हणतात आणि बाळंतपणाचा हिशेब ‘नऊ महिने नऊ दिवस’ असा सांगतात. या सगळ्या बोलण्यात मोजणी आहे. आज्यांनी ती बोटांच्या पेरांवर केली, आयांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करून केली, आताच्या मुली मोबाइलवर करतात. पण या मोजणीत एक दिवस कधीच नव्हता: ज्या दिवशी स्त्रीबीज अंडाशयातून सुटते तो. तो डोळ्यांना दिसत नाही, बहुतेकींना जाणवतही नाही, आणि त्याच्याशिवाय पुढचे काहीच घडत नाही. आज मी त्या एका दिवसाबद्दल बोलणार आहे. गेल्या शंभर वर्षांत त्याला ‘चौदावा’ असे नाव पडले. शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत, दवाखान्यातल्या बोलण्यात, फोनमधल्या अ‍ॅपमध्ये ते नाव जाऊन बसले. माझे म्हणणे असे की चौदावा दिवस ही एक सरासरी आहे. आपण तिला नियम मानले, आणि ज्या शरीराने तो नियम पाळला नाही त्या शरीराला, म्हणजे बाईला, दोषी धरले. हे म्हणणे पुराव्यानिशी मांडण्याचा माझा प्रयत्न राहील.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन अंडाशयांत मिळून साठ-सत्तर लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. साऱ्या आयुष्यात प्रत्यक्ष सुटणारी बीजे जेमतेम चारशे-पाचशे. म्हणजे तिशीतल्या बाईच्या अंडाशयातून आज सुटणारे बीज तिच्या जन्माआधीच घडू लागले होते. त्याचे विभाजन मध्येच थांबले, तीस वर्षे थांबूनच राहिले, सुटण्याच्या काही तास आधी एक पाऊल पुढे सरकले, आणि पूर्ण होते ते शुक्राणू आत शिरल्यावर. दर चक्रात काही पुटिका, म्हणजे बीज पोसणाऱ्या पिशव्या, वाढू लागतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक त्यांना पोसते, त्यांतली एक पुढे निघते आणि बाकीच्या विरून जातात. पुढे निघालेली पुटिका इस्ट्रोजेन सोडते. त्याची रक्तातली पातळी सुमारे दोन दिवस उंच टिकली की पीयूषिकेकडून ल्युटिनायझिंग संप्रेरकाची लाट येते. लाट सुरू झाल्यापासून साधारण छत्तीस तासांत, वीस मिलिमीटरच्या आसपास वाढलेली पुटिका फुटते आणि एक दशांश मिलिमीटरचे बीज बाहेर पडते. या साखळीत दिवस मोजणारे काहीच नाही, ही गोष्ट मी मुद्दाम अधोरेखित करतो. पुटिका पिकली की लाट येते. ती दहाव्या दिवशी पिकली तर दहाव्या दिवशी, विसाव्या दिवशी पिकली तर विसाव्या दिवशी. आजारपण, उपासमार, वजनातला मोठा बदल, अंगावर पाजणे, यांमुळे पिकणे लांबते किंवा थांबते. त्यानंतरचा भाग त्या मानाने बांधलेला असतो. फुटलेल्या पुटिकेचा पीतपिंड होतो, तो प्रोजेस्टेरॉन सोडतो, गर्भाकडून निरोप आला नाही तर दोन आठवड्यांच्या आगेमागे सुकतो, आणि पाळी येते. म्हणून अंडमोचनाचा, म्हणजे बीज सुटण्याचा, दिवस पुढच्या पाळीवरून मागे मोजत अंदाजाने सांगता येतो. गेल्या पाळीवरून पुढे मोजत सांगता येत नाही.

हे कळायला माणसाला फार वेळ लागला. डच वैद्य रेनिए द ग्राफ यांनी 1672 साली अंडाशयावरच्या पुटिकांचे वर्णन केले, पण पुटिका म्हणजेच अंडे असे त्यांना वाटले. पुटिकेच्या आतले खरे बीज कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना 1827 साली कुत्रीच्या अंडाशयात दिसले. शुक्राणू आणि बीज यांची केंद्रके एकमेकांत मिसळतात हे ऑस्कर हर्टविग यांनी 1875 साली सी-अर्चिन या सागरी प्राण्यात पाहिले. इतके सगळे कळूनही ‘कधी’ या प्रश्नाचे उत्तर चुकतच राहिले, आणि ते चुकीच्या तुलनेमुळे चुकले. कुत्री माजावर येते तेव्हा तिला रक्त जाते आणि त्याच सुमारास ती गाभण राहते. यावरून एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टरांनी ठरवले की बाईची पाळी म्हणजे तिचा माज आणि गर्भ राहण्याचा काळ पाळीच्या लगत. महिन्याचा मधला भाग सुरक्षित असे ते सांगत. मूल नको असलेल्या किती जोडप्यांनी हा सल्ला भरवशाने पाळला असेल! वस्तुस्थिती अगदी उलट होती. ती प्रथम नीट सांगितली जपानमधल्या निगाता शहरातील क्युसाकू ओगिनो यांनी 1924 साली. शस्त्रक्रियेसाठी उघडलेल्या पोटात अंडाशय प्रत्यक्ष पाहून आणि पुढची पाळी कधी आली याची नोंद ठेवून त्यांनी निष्कर्ष काढला की बीज पुढच्या पाळीच्या आधीच्या बाराव्या ते सोळाव्या दिवसादरम्यान सुटते. ऑस्ट्रियातले हेरमान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास तिथेच पोहोचले. ओगिनो यांनी मागून मोजले होते आणि एक पट्टा दिला होता. पुढे लोकांनी अठ्ठावीस दिवसांचे चक्र गृहीत धरले, अठ्ठावीसातून चौदा वजा केले, आणि पट्ट्याचा दिवस झाला. ओगिनो यांना गर्भ राहण्यासाठी मदत करायची होती. त्यांच्या नावाने गर्भनिरोधाची पद्धत चालू झाली तेव्हा ती भरवशाची नाही म्हणून त्यांनी स्वतःच तिला विरोध केला. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले ते 1921 साली, म्हणजे ओगिनोंचा निबंध छापला जाण्याच्याही तीन वर्षे आधी. त्या काळी जगात कुणालाही हा दिवस खात्रीने सांगता येत नव्हता हे लक्षात घेतले, म्हणजे कर्वे किती अंधारात काम करत होते ते कळते.

आता आजच्या पुराव्याकडे येऊ. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये अ‍ॅलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात मूल हवे असलेल्या 221 स्त्रियांच्या लघवीचे नमुने रोजच्या रोज जमवले. संप्रेरकांच्या चढउतारावरून अंडमोचनाचा दिवस ठरवला आणि संबंधांच्या नोंदीशी तो ताडून पाहिला. 1995 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की गर्भ राहण्याची शक्यता सहा दिवसच असते: अंडमोचनाचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. पाच दिवस आधीच्या संबंधाने गर्भ राहण्याची शक्यता दहात एक, प्रत्यक्ष त्या दिवशी तीनात एक. त्यानंतर नाही. याचे कारण सोपे आहे. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. बीज मात्र सुटल्यावर बारा ते चोवीस तासच फलनक्षम असते, म्हणून बीज पोहोचण्याआधी शुक्राणू बीजवाहिनीत हजर असावे लागतात. याच नोंदींवरून 2000 साली त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: हे सहा दिवस महिन्यात कुठे पडतात? प्रचलित सल्ला दहाव्या ते सतराव्या दिवसाचा होता. हे सहाही दिवस त्या पट्ट्यात बसतात अशा स्त्रिया सुमारे तीस टक्केच निघाल्या. चक्र बरोबर अठ्ठावीस दिवसांचे असतानाही पाळीच्या नेमके चौदा दिवस आधी बीज सुटले असे दहा चक्रांतल्या एकाच चक्रात आढळले. 2019 साली एका अ‍ॅपवरच्या सहा लाखांहून अधिक चक्रांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात चक्राची सरासरी 29.3 दिवस, अंडमोचनापूर्वीचा भाग 16.9 दिवस आणि नंतरचा 12.4 दिवस भरला. या अ‍ॅपवाल्या स्त्रिया सगळ्या जगाच्या प्रतिनिधी नव्हेत, हे मान्य. पण चौदावा दिवस सरासरी म्हणूनसुद्धा तिथे टिकला नाही.

बीज आणि शुक्राणू भेटले म्हणजे मूल झाले असेही नाही, आणि मला वाटते आपल्या समजुतीतली सर्वांत मोठी पोकळी इथे आहे. कोट्यवधी शुक्राणूंपैकी बीजाच्या आसपास पोहोचतात ते काही शे. पोहोचलेलेही लगेच आत शिरू शकत नाहीत. बाईच्या शरीरात काही तास काढल्यावरच त्यांना ती क्षमता येते, हे 1951 साली एम. सी. चँग आणि सी. आर. ऑस्टिन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले. म्हणजे बाईचे शरीर इथे पेरणीची वाट पाहत पडलेली जमीन नाही, ते शुक्राणूलाही घडवते. बीजवाहिनीच्या रुंद भागात फलन होते. साधारण तीस तासांनी एकाच्या दोन पेशी होतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पेशींचा गोळा गर्भाशयात उतरतो, पाचव्या दिवशी त्यात पोकळी तयार होते आणि सहाव्या-सातव्या दिवसापासून तो अस्तराला चिकटू लागतो. रुजल्यावर तो एचसीजी हे संप्रेरक सोडतो. पीतपिंडाला जाणारा निरोप तो हाच, आणि घरच्या चाचणीची पट्टी पकडते ते संप्रेरकही हेच. विलकॉक्स यांच्या नोंदींत टिकलेल्या गर्भांपैकी 84 टक्के अंडमोचनानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी रुजले होते. रुजायला अकराव्या दिवसापलीकडे गेलेले बहुतेक सगळे गळाले. एकूण रुजलेल्या गर्भांपैकी 31 टक्के टिकले नाहीत, आणि त्यांतले दोनतृतीयांशाहून अधिक असे की बाईला पाळी थोडी उशिरा आली यापलीकडे काही कळलेही नसते. रुजण्याआधीच जे नाहीसे होतात त्यांची तर मोजणीच होत नाही. याआधी 1938 पासून पंधराएक वर्षे बॉस्टनजवळ जॉन रॉक आणि आर्थर हर्टिग यांनी गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या 210 स्त्रियांकडून 34 अतिलवकरचे गर्भ मिळवले होते. त्यांतले कितीतरी मुळातच सदोष होते. त्या संशोधनाची रीत आजच्या नैतिक कसोटीला उतरणार नाही, पण त्यांनी जे पाहिले ते खोटे ठरलेले नाही. गळालेल्या बऱ्याच गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. पपई खाल्ली, जिना चढली, ओझे उचलले, ग्रहणात भाजी चिरली, यांतले काहीही त्याला कारण नसते.

यावर पहिला आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. हे सगळे आपल्याकडे आधीच ठाऊक होते, मनुस्मृतीत ऋतुकालाच्या सोळा रात्री सांगितल्या आहेत, सुश्रुताने गर्भाच्या चार घटकांत ऋतूला पहिले स्थान दिले आहे, असे सांगितले जाते. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. पाळीच्या पहिल्या दिवसापासून सोळा रात्री, त्यांतल्या पहिल्या चार वर्ज्य, म्हणजे पाचवी ते सोळावी. विलकॉक्स यांच्या नोंदींत गर्भ राहण्याची बऱ्यापैकी शक्यता असलेले दिवस सहावा ते एकविसावा असे येतात. दोन्ही पट्टे बऱ्याच भागात एकमेकांवर येतात, आणि एकोणिसाव्या शतकातल्या युरोपच्या डॉक्टरांपेक्षा या जुन्या मोजणीचा अनुभव नक्कीच सरस होता. पण अनुभवाने दिलेला पट्टा हा पट्टाच असतो. जिची पाळी चौतीस दिवसांनी येते तिचे बीज विसाव्या दिवसाच्या आसपास सुटते. तिचे गर्भ राहण्याचे दिवस पंधराव्याच्या सुमारास सुरू होतात आणि सोळाव्यानंतरच बहुतेक पडतात. तिला सोळा रात्रींचे वेळापत्रक दिले तर मूल होण्याची शक्यता फारच घटेल, आणि निपुत्रिक म्हणून बोल तिलाच लागेल. शिवाय मनुस्मृतीतच सम रात्रींना मुलगा आणि विषम रात्रींना मुलगी असे सांगितले आहे. मुलगा की मुलगी हे शुक्राणूत एक्स गुणसूत्र आहे की वाय, यावर ठरते, आणि नेटी स्टीव्हन्स व एडमंड विल्सन यांच्या 1905 च्या कामापासून हे उलगडत गेले. संबंध अंडमोचनाच्या किती आधी आला याचा बाळाच्या लिंगाशी काही संबंध नाही, हेही 1995 च्या त्याच अभ्यासात तपासले गेले आहे. ज्या महाराष्ट्राने 1988 साली गर्भलिंगनिदानावर देशात पहिला कायदा केला, त्या महाराष्ट्रात आजही तारखा पाहून मुलगा होण्याचे सल्ले दिले जातात, याचे मला दुःख होते. परंपरेतली निरीक्षणे आदराने घ्यावीत, आणि जिथे ती तपासणीत चुकली तिथे ती चुकली असे तितक्याच स्पष्टपणे म्हणावे.

दुसरा आक्षेप आजचा आहे. आता लघवीच्या पट्ट्या आहेत, सोनोग्राफीने पुटिकेची वाढ रोज पाहता येते, अ‍ॅप आहेत, मग अनिश्चितता उरलीच कुठे? साधनांचा उपयोग मोठा आहे यात शंका नाही. 1978 साली इंग्लंडमध्ये पहिले टेस्ट-ट्यूब बाळ जन्मले ते पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी औषधांनी अनेक बीजे पिकवण्याचा मार्ग सोडून बाईच्या नैसर्गिक चक्राची वाट पाहिली, लघवीत संप्रेरकाची लाट कधी येते ते दर काही तासांनी तपासले आणि ते एकच बीज नेमक्या वेळी काढले म्हणून. त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी वेगळ्या वाटेने हे साधले आणि त्यांच्या वाट्याला मात्र अवहेलना आली. 1986 साली मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी ते पुन्हा घडवले, आणि पुढे आनंद कुमार यांनीच कागदपत्रे पाहून मुखोपाध्याय यांना भारतातल्या पहिलेपणाचा मान दिला. ही सगळी माणसे त्या त्या बाईच्या त्या त्या चक्राचे निरीक्षण करत होती. अ‍ॅप बहुधा मागच्या चक्रांवरून पुढच्याचा अंदाज करते, म्हणजे कालनिर्णयाचेच काम जास्त वेगाने करते. पट्टी लाट दाखवते, पण पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या बाईत हे संप्रेरक मुळातच जास्त असल्याने पट्टी फसवू शकते. सकाळचे तापमान अर्ध्या अंशाच्या आत वाढते, पण बीज सुटून गेल्यावर. आणि दिवस अगदी अचूक सापडला तरी त्या दिवशीची शक्यता तीनात एकच राहते.

तिसरे म्हणणे थोडे वेगळे आहे. लोकांना असे सगळे अनिश्चित सांगितले तर त्यांनी करायचे काय? मला वाटते, अनिश्चितता नीट समजली तरच शहाणे निर्णय घेता येतात. मूल नको असेल तर महिन्यातला ‘सुरक्षित’ दिवस शोधण्याच्या भानगडीत पडू नये, कारण बीज कधी सुटणार हे शरीर आधी सांगत नाही. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीबद्दलचा गैरसमजही इथेच सुटतो. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी संप्रेरकाची लाट लांबवते आणि बीज सुटण्याला अडवते. रुजलेला गर्भ ती पाडत नाही, आणि लाट येऊन गेली असेल तर तिचा उपयोगही फारसा नसतो. म्हणून ती जितकी लवकर घेतली तितकी बरी. मूल हवे असेल तर आकडे धीर देणारे आहेत. सगळे सुरळीत असलेल्या जोडप्याला एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता पंचवीस-तीस टक्क्यांच्या आसपास असते, आणि वर्षभरात अशा शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जोडप्यांना दिवस राहतात. डॉक्टर वर्षभर थांबायला सांगतात, बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिने, त्यामागे हा हिशेब आहे. लग्नाला चार महिने झाले नाहीत तोवर ‘काही विशेष?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना हा हिशेब कुणी सांगितलेला नसतो. दिवसांच्या मोजणीतही एक जुनी मेख आहे. डॉक्टर गरोदरपण शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे त्यातले पहिले दोन आठवडे गर्भ अस्तित्वातच नसतो. नऊ महिन्यांत सात दिवस मिळवण्याचा जर्मन डॉक्टर नेगेले यांचा नियम आणि आपले नऊ महिने नऊ दिवस यांत फरक दोनच दिवसांचा आहे. आज्यांची मोजणी इथे चांगलीच जवळ आली होती. पण तीही पाळीपासूनचीच, आणि जिचे बीज उशिरा सुटते तिची तारीख या हिशेबात चुकते. ‘दिवस जुळत नाहीत’ म्हणून अशा बाईच्या चारित्र्यावर संशय घेण्याचा अन्याय आपल्या समाजात झालेला आहे.

आपल्या बोलीत ‘वांझ’ आणि ‘वांझोटी’ हे शब्द बाईसाठी आहेत. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते संबंध ठेवण्याच्या असमर्थतेचे आहेत, शुक्राणूंच्या कमतरतेचे नाहीत. म्हणजे ही कमतरता असू शकते ही कल्पनाच भाषेला सुचलेली नाही. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडे, एकट्याकडे किंवा जोडीने, सापडते. तरीही नवससायास तिनेच करायचे, उपास तिनेच धरायचे, सोनोग्राफीसाठी रांगेत तिनेच उभे राहायचे, औषधे तिनेच घ्यायची, आणि दोन-तीन वर्षे गेल्यावर कधीतरी नवऱ्याची तपासणी व्हायची. शुक्राणूंची तपासणी एका दिवसात होते, तिला भूल लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, खर्चही तिच्या तपासण्यांच्या मानाने थोडा असतो. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरात, शेजारात किंवा ओळखीत असे जोडपे असेल त्यांना माझी विनंती आहे की डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीला दोघांनीही जावे असे त्यांना सांगा, आणि पहिली तपासणी नवऱ्याची करून घ्या.